ससा नेऊन सोडायचा कुठे?

संभाजीनगरच्या कडेला, देवळाईच्या डोंगराकडे तोंड करून असलेल्या आमच्या घरामागे पालकाचे दोन वाफे आहेत आणि कडेला पेरूची, शेवग्याची रोपे. एप्रिलमधल्या एका सकाळी पाहिले तर पालक जमिनीपासून दोन बोटांवर कापलेला. ओरबाडलेला नव्हे, कुरतडलेला नव्हे. एकेक देठ तिरका आणि स्वच्छ, सुरीने कापावा तसा. पेरूच्या एका रोपाची साल वीतभर उंचीपर्यंत सोललेली. ओल्या मातीत वाटाण्याएवढ्या, जरा चपट्या लेंड्या पडल्या होत्या. एक चिमटीत धरून चुरली, तर आत नुसता गवताचा भुसा. शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "ससा आहे हो. पिंजरा लावा, गाजर ठेवा. सापडला की गाडीत घाला आणि दौलताबादच्या रानात सोडून या. मारायचं थोडंच आहे आपल्याला?"

काकांचा हेतू चांगला होता. मारू नये, पण आपल्या अंगणातही नसावा, म्हणून उचलून त्याच्या ‘घरी’ नेऊन सोडावा, हा विचार आज शहराच्या कडेला राहणाऱ्या बहुतेकांच्या मनात असतो. सशाबद्दल, वानरांबद्दल, सापांबद्दल आणि बिबट्याबद्दलही. या विचाराची कायद्याने, प्राणिशास्त्राने आणि आपल्याच राज्यातल्या अनुभवाने काय परीक्षा केली आहे, ते पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे. रानससा पकडून दूर सोडणे ही त्याची सुटका नसते. बहुतेक वेळा तो आपल्या नजरेआड होणारा मृत्यू असतो.

आधी ससा कोणता, ते ठरवायला हवे. मराठीत आपण एकाच शब्दात दोन वेगळे प्राणी बसवले आहेत. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा, लाल डोळ्यांचा किंवा ठिपक्याठिपक्यांचा ससा मूळचा युरोपातला. त्याचे रानटी भाऊबंद जमिनीत बिळे खणून वस्तीने राहतात. भारतात तो रानात कुठेच नाही. आपल्या माळावरचा ससा निराळा. त्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा. दोन्ही कानांच्या मागे, मानेवर गडद काळा पट्टा असतो, तीच त्याची खूण. रंग मातकट, कान आणि मागचे पाय लांब, वजन साधारण दोन-तीन किलो. तो बीळ खणत नाही. गवताच्या ठोंबाखाली किंवा झुडपाच्या सावलीत अंगाच्या मापाचा खळगा दाबून दिवसभर त्यात बसून राहतो आणि अंधार पडला की चरायला निघतो.

या फरकावर पुढचे सगळे अवलंबून आहे. पाळीव सशाची पिल्ले बिळात जन्मतात, उघडी आणि डोळे मिटलेली. रानसशाची पिल्ले उघड्यावर जन्मतात, म्हणून ती अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. पाळीव ससा माणसाच्या हातातून खातो. रानसशाला माणसाचा हात लागणे म्हणजे कोल्ह्याचा जबडा लागण्यासारखेच आहे. त्याच्या शरीराला दोन्हींतला फरक कळत नाही.

चोर ओळखण्यातही घाई होते. सगळा आळ सशावर जातो, पण मातीचे ढीग काढून मुळे कुरतडणारी घूस असते, रताळी आणि कंद उकरणारे साळिंदर असते, मिरच्या आणि टोमॅटो टोचणारा मोर असतो. सशाने खाल्लेले रोप जमिनीलगत तिरके कापलेले दिसते आणि जवळ लेंड्या असतात. उन्हाळ्यात माळावरचे गवत वाळले की तो सालीकडे वळतो. आमच्या पेरूच्या रोपाची साल त्यामुळेच गेली होती. मला वाटते, निम्म्या तक्रारी इथेच मिटतील. घुशीसाठी विषाचे आमिष टाकले आणि ते सशाने, मुंगसाने किंवा शेजारच्या मांजराने खाल्ले, असे होऊ नये एवढे तरी साधेल.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या सगळ्यांनी वाचावी अशी आहे. कलम २ मधल्या या व्याख्येत मारणे आहेच, पण पकडणे, फासा लावणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, हाकून नेणे हेही आहे. तसा प्रयत्नसुद्धा शिकारच ठरतो. पिंजऱ्यात गाजर ठेवून वाट पाहणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकार करत असतो, मग त्याच्या मनात कितीही माया असो. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची बदलल्या. १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू आहे. पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेला रानससा आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. साध्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी दंडाची मर्यादा २५ हजार होती.

वाट अगदीच बंद नाही. प्राणी जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. वैज्ञानिक व्यवस्थापनासाठी प्राण्याला न मारता दुसऱ्या योग्य अधिवासात हलवण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे. पण दोन्हींत निर्णय वनखात्याचा आहे, घरमालकाचा नाही. कलम ३९ प्रमाणे असा वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. दोन वाफे पालकासाठी ही परवानगी मिळेल असे मला वाटत नाही आणि मिळू नये असेही वाटते. नियम आहे म्हणून कोरडेपणाने हे म्हणत नाही. पकडलेल्या सशाचे पुढे काय होते, त्यामुळे म्हणतो आहे.

आमच्याच वसाहतीत एकाने काकांचा सल्ला मानला होता. घुशींसाठी आणलेला लोखंडी पिंजरा त्याने कुंपणाच्या फटीशी लावला. पहाटे मला बोलावले. ससा एका कोपऱ्यात दाबून बसला होता, कान पाठीला चिकटलेले, डोळे फाटलेले. रात्रभर जाळीवर धडका मारून त्याचे नाक सोलवटले होते, तिथे रक्त सुकले होते. पुढच्या पायाचे एक नख तुटले होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा तो हललाही नाही. फक्त बरगड्या इतक्या वेगाने हलत होत्या की मोजता येत नव्हत्या. आम्ही पिंजऱ्यावर पोते टाकले, डोंगराकडचे फाटक उघडले, पिंजऱ्याचे दार वर बांधले आणि घरात गेलो. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा पिंजरा रिकामा होता. पुढे तो जगला का, ते कळायला मार्ग नाही.

हा प्रश्न उगाच पडला नाही. जिवाच्या आकांताने झगडलेल्या प्राण्याच्या स्नायूंत आम्ल साठते, स्नायूंचे तंतू तुटू लागतात, त्यातून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करतात. हरणे आणि ससे यांसारख्या पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्यांत हे विशेष दिसते. पिंजऱ्यातून सोडताना ते धावत जातात, आपल्याला वाटते वाचला, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी कुठल्याशा झुडपाखाली मरतात. दूर नेऊन सोडणाऱ्याने हे कधीच पाहिलेले नसते, म्हणून त्याची समजूत कायम राहते.

समजा तो जगला, तरी नवी जागा आहेच. सशाचे सगळे शहाणपण जागेचे असते. कोणत्या बांधाखाली दबून बसायचे, कुत्रे मागे लागले की कोणत्या काट्यांच्या जाळीत शिरायचे, पाणी कुठे, घुबड कुठल्या झाडावर बसते. काही एकरांच्या त्या मुलखाबाहेर तो आंधळा असतो. मराठीत ‘ससेहोलपट’ म्हणतात, तो शब्द कुत्री मागे लागलेल्या सशाच्या वणवणीवरूनच आला आहे. अनोळखी रानात सोडलेल्या सशाच्या वाट्याला नेमके तेच येते.

याचे मोजमाप खारींवर झाले आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात संशोधकांनी शहरी बागांतल्या ३८ प्रौढ करड्या खारी पकडून मोठ्या जंगलात सोडल्या आणि रेडिओ यंत्रे लावून त्यांचा माग ठेवला. ८८ दिवसांच्या आत त्यातल्या ३७ मेल्या तरी किंवा त्या भागातून नाहीशा झाल्या. जंगल चांगले होते, खायला होते. नव्हती ती त्यांची ओळख. युरोपात शिकारीच्या रानांत संख्या वाढावी म्हणून ससे मोठ्या प्रमाणावर हलवले जातात. तिथेही सोडल्यानंतरचे पहिले काही दिवसच सगळ्यात घातक ठरतात, कारण कोल्हे तयारच असतात.

बिबट्याचे उदाहरण सशाला लावणे काहींना विचित्र वाटेल. पण ‘पकडा आणि दूर सोडा’ या उपायाची इतकी मोठी परीक्षा आपल्याकडे दुसऱ्या कशावर झालेली नाही, आणि ती झाली जुन्नरला. उसाच्या शेतांत राहणारे बिबटे २००१ पासून मोठ्या संख्येने पिंजऱ्यात पकडून लांबच्या जंगलांत सोडण्यात आले. हेतू माणसे वाचवण्याचा होता. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात जे मांडले ते आजही अंगावर येते. हलवाहलवीपूर्वी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. हलवाहलवी सुरू झाल्यावर ते १७ वर गेले आणि हल्ल्यांतले प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट झाले. जिथे सोडले त्या भागांतही हल्ले होऊ लागले. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे बिबटे आले आणि नेऊन सोडलेले बिथरले.

त्याच अभ्यासमालिकेतला ‘आजोबा’ अनेकांना आठवत असेल. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा वयस्कर नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. तो तिथे थांबला नाही. महामार्ग, कसाऱ्याची रेल्वे, वसईची खाडी पार करत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला. त्याच्यावर २०१४ मध्ये सुजय डहाके यांचा चित्रपटही आला. बिबट्याकडे एवढे चालण्याची ताकद होती. दोन किलोच्या सशाला दौलताबादहून देवळाईला परत यायचे तर मध्ये धुळे-सोलापूर रस्ता आहे, छावणी आहे, रेल्वे आहे आणि प्रत्येक वळणावर भटकी कुत्री आहेत.

नेऊन सोडण्याची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियाने भोगली. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून मागवलेले २४ ससे व्हिक्टोरिया प्रांतातल्या आपल्या जमिनीवर सोडले. पुढे त्यांनी खंडाचा मोठा भाग उजाड केला, ते अडवण्यासाठी १९०७ पर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियात हजारो किलोमीटरचे कुंपण घातले गेले, १९५० मध्ये मुद्दाम रोग सोडावा लागला. आपल्या रानसशाने असे होणार नाही, तो इथलाच आहे. पण पाळीव ससा ‘निसर्गात मोकळा’ करणाऱ्याने ही हकीकत माहीत करून घ्यावी.

स्थलांतर कधीच करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात शाजापूर भागातल्या शेतांमधून शेकडो काळवीट हलवण्यात आले. त्यासाठी हेलिकॉप्टर होते, दक्षिण आफ्रिकेचे तज्ज्ञ होते, कळप हातही न लावता आत येईल असे नरसाळ्याच्या आकाराचे ‘बोमा’ कुंपण होते आणि सोडायची जागा आधी ठरवलेली होती. एवढी तयारी असेल तेव्हाच त्या शब्दाला अर्थ राहतो. घुशीचा पिंजरा आणि गाडीची डिकी म्हणजे स्थलांतर नव्हे.

मग ससा अंगणात येतोच का? संभाजीनगरच्या नकाशाकडे वीस वर्षांच्या नजरेने पाहिले की उत्तर दिसते. सातारा, देवळाई, मिटमिटा, पडेगाव, हर्सूल या सगळ्या बाजूंना जिथे कुसळी गवताचा माळ होता तिथे आज प्लॉट पाडलेले आहेत. माळाला आपल्याकडे ‘पडीक’ म्हणतात. सशाचे, तितराचे, खोकडाचे ते भरलेले घर असते. बिडकीन आणि शेंद्र्याकडे उद्योगनगरी आली. विद्यापीठाचा परिसर, हिमायत बाग, सलीम अली सरोवराचा काठ एवढेच हिरवे तुकडे मध्ये उरले. डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ भागात शिरलेला बिबट्या बेशुद्ध करून पकडावा लागला. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत बिबट्या कॅमेऱ्यात दिसला आणि शहर कित्येक दिवस धास्तावले. दोन्ही वेळा लोकांनी एकच विचारले, बिबट्या शहरात आला कसा? आमच्या घराखाली पाया खणताना निघालेला मुरूम ज्या उतारावर टाकला, तिथे आधी कोण बसत होते, हे आम्हीही विचारले नव्हते.

उन्हाळ्यात त्या पिवळ्या उतारावर हिरवा ठिपका एकच दिसतो, तो म्हणजे आपली ठिबक सुरू असलेली बाग. एक ससा उचलला तर आठवड्याभरात दुसरा येतो. जुन्नरला बिबट्यांचे झाले तेच. बोलावणे आपल्या पालकाने दिलेले असते, ते पिंजऱ्याने मागे घेता येत नाही.

उपाय आहे तो कुंपणाचा, आणि तो स्वस्त आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती इंचभर छिद्रांची षटकोनी जाळी घ्यावी. जमिनीवर अडीच फूट पुरते. खाली मात्र अर्धा फूट गाडावी आणि गाडताना बाहेरच्या बाजूला वळवावी, म्हणजे खालून शिरायला बघणाऱ्याच्या पायाखाली जाळीच येते. सगळ्या प्लॉटला घालायची गरज नाही, वाफ्यांपुरती घातली तरी चालते. फाटकाखालची चार बोटांची फट बहुतेक जण विसरतात. सशाला तीच पुरते, तिथे लाकडी पट्टी ठोकावी. पेरू, डाळिंब, शेवग्याच्या रोपांना बुंध्याभोवती दोन फुटांची जाळी किंवा उभा चिरलेला पाइप बसवावा, सालीपासून थोडे अंतर ठेवून. आमचा सगळा खर्च एका पिंजऱ्याच्या आणि दौलताबादच्या दोन फेऱ्यांच्या पेट्रोलाच्या आत बसला. शेतकरी बांधावर जुन्या साड्या बांधतात, त्याचा उपयोग थोडे दिवस होतो. मग ससा साडीला ओळखायला लागतो.

ससा कुंपणाच्या आतच अडकला असेल, तर त्याला पकडायला धावू नये. संध्याकाळी कुत्रे बांधावे, डोंगराकडचे फाटक उघडे ठेवावे, अंगणातला दिवा बंद करावा आणि आत जावे. अंधारात तो आपली वाट काढतो. हा उपाय इतका साधा आहे की लोकांना तो उपायच वाटत नाही.

पिल्लांबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे आणि त्याही मायेपोटी होतात. पावसाळ्यात गवत कापताना मुठीएवढे पिल्लू एकटे बसलेले सापडते. ते हलत नाही, आई जवळपास नसते, म्हणून लोक उचलून घरी आणतात, कापसात ठेवतात, ड्रॉपरने गाईचे दूध पाजतात. दोन-चार दिवसांत ते मरते. पण ते पोरके नव्हतेच. रानसशीण मुद्दामच पिल्लांपासून दूर राहते, म्हणजे तिच्या वासावर कोणी तिथे येऊ नये. अंधार पडल्यावर ती थोडा वेळ येऊन पाजून जाते. पिल्लाचे न हलणे हाच त्याचा बचाव. तेवढा गवताचा तुकडा न कापता सोडावा, मांजर-कुत्रे दोन रात्री अडकवावे. उचलून आणलेच असेल, तर त्याच दिवशी त्याच जागी ठेवावे. जखमी पिल्लू किंवा मोठा ससा सापडला तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तोंडात पाणी ओतू नये, मुलांना दाखवायला खोके उघडू नये.

पाळीव सशाचा न्याय मात्र अगदी उलटा. हौसेने आणलेली पांढरी जोडी चार महिन्यांत दहा होते, वास येतो, मुलांचे लक्ष उडते, आणि एखाद्या संध्याकाळी कोणीतरी ती बागेत किंवा डोंगरावर ‘मोकळी’ करून जाते. पांढऱ्या रंगाचा, धोका न ओळखणारा, पिंजऱ्याबाहेर कधी न राहिलेला प्राणी. त्या उतारावर तो पहिल्याच रात्री संपतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा गुन्हा आहे. असा ससा अंगणात दिसला तर तो जरूर पकडावा. कोथिंबिरीची जुडी दाखवली की बहुधा जवळ येतो. त्याला घर शोधून द्यावे आणि नर-मादी वेगळे ठेवावेत. एकाच शब्दाच्या दोन सशांपैकी एकाला हात लावू नये आणि दुसऱ्याला उघड्यावर सोडू नये, हे आमच्या वसाहतीतल्या मुलांना मी चित्र काढून समजावले. त्यांनी ते काकांना समजावले.

जाळी बसवल्यावरही ससा येत राहिला. कुंपणाबाहेर, पाण्याच्या टाकीची गळती जिथे झिरपते तिथे हरळी माजली आहे, ती त्याने धरली. सकाळी त्या ओल्या मातीत पायखुणा असतात. पुढच्या पायांचे दोन लहान ठसे एकामागे एक, आणि त्यांच्याही पुढे मागच्या पायांचे दोन लांब ठसे जोडीने, कारण उडी मारताना मागचे पाय पुढे पडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की ससा घराकडे आला. खरे तर तो खाऊन डोंगराकडे गेलेला असतो.